ठकूबाई हरवली

२० जानेवारी, सोमवार

आज अळनावरजवळच्या गावात ठकूबाईची पुन्हा शोभा! ठकूबाई म्हणजे आमच्या कॅन्सर केंद्राचा रबरी स्तन. नाव मी ठेवलं. आत तीन गाठी – मोहरीएवढी, हरभऱ्याएवढी, सुपारीएवढी. बायकांनी चाचपायचं, गाठ बोटांना कशी लागते ते शिकायचं, घरी स्वतःचं बघायचं आणि मग केंद्रात तपासणीला यायचं. निदान केंद्राच्या साहेबांच्या डोक्यात तरी असं आहे.

प्रत्यक्षात काय? हिराबाई नावाच्या म्हातारीनं पुढे येऊन ठकूबाईवर स्वतःचा पदर टाकला. "थंडी लागंल की हिला." बायका हसून हसून आडव्या. भाषणाला टाळ्या पडल्या, चहा झाला. तपासणीला कोण येणार म्हटलं तर – "ब्याड, ब्याड." नको म्हणजे नकोच. सहा महिने हेच चाललंय. मी कॅन्सरची कार्यकर्ती की तमाशातली मावशी, मलाच कळेना.

२३ जानेवारी

डोकं चाललं एकदाचं. सासूबाईंच्या हळदीकुंकवाला कमरीपेठेतल्या दुकानदारांच्या बायका केशवापूरला आमच्या घरी येतात. आयती गर्दी! तिथेच ठकूबाई मांडावी.

भीत भीत विचारलं. मी त्यांना आत्ती म्हणते. त्या मला काय काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. वाटलं होतं, देवाधर्माच्या कामात रबर नको म्हणतील. तर म्हणाल्या, "आण की. पण गोविंदला दुकानात पाठव." सूर्य पश्चिमेला उगवला. लाडक्या लेकाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सुट्टीच्या दिवशी घराबाहेर काढायला निघाल्या.

हल्ली त्यांचं तंत्रच वेगळं आहे. न्हाणीघरात शिरल्या की बाहेर येतच नाहीत. माझी कामावर जायची वेळ होते. दार वाजवलं की आतून शिव्या, त्याही कन्नडमध्ये.

२६ जानेवारी, रविवार

घर भरलं. वाण म्हणून सासूबाईंनी प्लास्टिकचे गोल डबे आणले होते, रंगीत कागदात गुंडाळून. ठकूबाई मांडीमांडीवरून फिरली. किराणा दुकानवाल्या गोदावरीअक्कांनी ती वांगं निवडावं तशी उलटीपालटी करून बघितली. सासूबाई तेवढ्या कोपऱ्यात तिळगूळ वाटत बसल्या. "दोन पोरं पाजली मी. मला काय शिकवतीस?" हातसुद्धा लावला नाही.

सगळ्या गेल्यावर आवरायला घेतलं तर ठकूबाई गायब! तिचा गोल डबाही नाही. नक्की कुणीतरी तिलाही वाण समजून पिशवीत टाकलं.

२७ जानेवारी

केंद्राच्या स्टोअरचे मुकुंदराव फोनवर – "मॅडम, स्तन हरवला असं रजिस्टरात कसं लिहू?" मला काय विचारता! शनिवारपर्यंत सापडली नाही, तर बंगळूरहून नवी येईपर्यंत गावातले कार्यक्रम बंद.

२९ जानेवारी

कमरीपेठ पालथी घातली. दारोदार एकच प्रश्न – "तुमच्या वाणात चुकून काही मऊ निघालं का?" माझ्या माहेरच्यांनी बघितलं असतं तर परत बोलावून घेतलं असतं.

गोदावरीअक्का पोट धरून हसल्या. मग दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "ती मोहरीएवढी मला घावलीच न्हाई बघ. मग माझ्यात असली तर मला कसं कळायचं?" म्हटलं, त्यासाठीच डॉक्टर आहेत. "मग तसं सांग की नीट." शेजारच्या दोघींनाही घेऊन येणार आहेत. सहा महिने घसा फोडून भाषणं ठोकली आणि बायका तयार झाल्या त्या माझ्या फजितीमुळे.

घरी येऊन सासूबाईंना रंगवून सांगितलं. हसल्या नाहीत. "डॉक्टर बाईच हाय नव्हं?" म्हटलं हो, शुभांगी डॉक्टर. "आणि गाठ घावली की लगेच कापतात?" म्हटलं, नाही हो, आधी नीट बघतात, आणि लवकर आलेली बाई पुष्कळदा बरी होते. त्या लसूण सोलत बसल्या. गोदावरीअक्कांची काळजी, दुसरं काय.

१ फेब्रुवारी, शनिवार

तिघी तपासून आल्या. तिघींनाही काही नाही. अक्कांनी येताना आग्रह करून मिरची भजी खायला घातली. ठकूबाईचा मात्र पत्ता नाही. सोमवारपासून कार्यक्रम बंद. कुणाच्या फळीवर साखरेच्या डब्याशेजारी बसलीय बया, देव जाणे. फार चिडलेय.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

गोविंद दुकानात गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. खणात गुंडाळलेला डबा ओट्यावर ठेवला. आत ठकूबाई. मी तोंड उघडलं ते भांडायलाच. त्यांनी माझा हात धरला आणि बोट हरभऱ्याएवढ्या गाठीवर नेऊन दाबलं.

"अशीच हाय. डावीकडं. आंघोळ करताना हिची आणि माझी, दोन्ही गाठी चाचपून बघाय लागलेय, फरकच कळंना." मग म्हणाल्या, "उद्या मला घेऊन चल. गोविंदला आताच नको."

मी फार घाबरलेय. सकाळी न्हाणीघराचं दार वाजवायचं नाही.