छोट्या सिलिंडरची चावी

२ फेब्रुवारी, सोमवार

पायांचे नुसते ओंडके झालेत! बारा तास, आठ कॉल, त्यातले तीन चौथ्या मजल्यावरचे आणि लिफ्ट एकाही ठिकाणी नाही. आजारी माणसं तळमजल्यावर राहतच नाहीत की काय!

शिकाऊ म्हणून दहावा आठवडा सुरू झाला. बारा भरले आणि ताईनं कागदावर सही केली, की मी स्वतंत्र. मग गाडीत मागे पेशंटजवळ एकटी मी. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पण रुग्णवाहिकेवर सगळ्यांत जुनी, म्हणून सगळ्यांची ताई. माझीसुद्धा. आणि मी सगळ्यांची मावशी! आज पुन्हा ओरडा खाल्ला — "मावशी, बोलता किती! आधी नाडी धरा, मग गप्पा मारा." बरोबर आहे तिचं. बारा वर्षं कापडाच्या दुकानात काढली, समोरच्याशी बोलल्याशिवाय माझे हातच चालत नाहीत. पण परत येताना तीच म्हणाली, "त्या आजी तुमच्या बडबडीमुळे शांत झाल्या हं." एवढ्यावर माझा दिवस निघाला.

घरी आले तर सासूबाई बाही वर करून, हात पुढे काढून तयार. रोजचा सराव! "घे बीपी. पण पट्टा आवळून जीव घेऊ नकोस." एकशे अडतीस आलं. त्यांना पटेना. "काल एकशे तीस होतं. तूच चुकलीस." पुन्हा घेतलं — एकशे तीस! काय तो विजयी चेहरा! या बाईच्या डाव्या दंडावर मी हे काम शिकले. एकदासुद्धा नको म्हणाल्या नाहीत. एक्केचाळिसाव्या वर्षी सुनेनं नोकरी बदलली तर किती घरांत असं होतं?

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज मजा झाली. शाळेतला कॉल. गणिताचे मास्तर वर्गातच कोसळले होते. हेडमास्तर हळूच माझ्या कानात — "जरा घेतात ते… तसं काही असेल." मी वास घेतला. कसलाच नाही. घामानं मात्र चिंब. ताई सांगायच्या आत मी बोट टोचून साखर बघितली — चौतीस! ताईनं शिरेतून ग्लुकोज दिलं. दहा मिनिटांत मास्तरांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न — "तास संपला का?"

सगळा वर्ग हसला. हेडमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ताईनं माझ्या पाठीवर एक थाप मारली. जोरात. अजून चुरचुरतेय आणि बरं वाटतंय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी. चौदा तास झोपले. ह्यांनी दोनदा येऊन माझा श्वास चालू आहे का बघितलं म्हणे!

१० फेब्रुवारी, मंगळवार

लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

गाडीत मोठा सिलिंडर असतो, तो हातानं फिरवला की चालू होतो. जिना चढताना खांद्याला लावून नेतो तो छोटा. त्याला मात्र चावी लागते. चावी त्याच्याच गळ्यात साखळीनं अडकवलेली असते. आज दुपारी ती साखळी तुटली. समोर पेशंट धापा टाकत होता. मी सिलिंडर उघडला, चावी शर्टाच्या खिशात टाकली. आत्तापुरती.

सहा वाजता गाडी संध्याकाळच्या शिफ्टकडे दिली. यादीवर खुणा केल्या. छोटा सिलिंडर — भरलेला. चावी — आहे. खोटं नव्हतं! होतीच की चावी. माझ्या खिशात होती.

संध्याकाळच्या गाडीवर चष्मा होता. चष्मा पडू नये म्हणून मागून दोरी बांधतो, म्हणून नाव चष्मा. आमची खूण असली तरी सगळं स्वतः मोजतो. हातमोजेसुद्धा! आम्ही त्याला हसतो. आज मोजायला लागला आणि कॉल आला. एक पाय गाडीत ठेवून त्यानं विचारलं, "मावशी, सगळं आहे ना?"

"आहे आहे, पळा तुम्ही!"

घरी सासूबाई धुण्यासाठी खिसे तपासत होत्या. "हे काय गं लोखंडाचं?"

कंट्रोल रूमला फोन लावला. तिथल्या मुलीनं मी विचारायच्या आधीच सगळं सांगितलं. चौथा मजला, साठीचा माणूस, श्वास लागलेला. छोटा सिलिंडर उघडेना, चावीच नाही. तसंच खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं. खाली येईपर्यंत ओठ निळे. गाडीतल्या मोठ्या सिलिंडरवर कसाबसा तगला. आता हॉस्पिटलमध्ये मशीनवर आहे.

"चावी गेली कुठे काही कळत नाही. मावशी, तुम्हाला काही माहीत आहे का हो?"

मी म्हणाले — नाही.

नाही म्हणाले मी! कुणी गळ्यावर सुरी धरली होती का? तोंडातून आपोआप निघालं.

सासूबाई समोरच होत्या. दाराशेजारच्या खुंटीवर घराच्या किल्ल्या असतात, त्यांच्या बाजूला ती चावी अडकवली आणि आत गेल्या.

११ फेब्रुवारी, बुधवार

तो माणूस जिवंत आहे. दुसऱ्या पेशंटला सोडायला गेलो तेव्हा नर्सला विचारलं. अजून मशीनवर. जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सही झाली.

दहा दिवस आधीच! ताई म्हणाली, "आता बघण्यासारखं काही उरलं नाही. तुम्ही तयार आहात." मी रडले. तिला वाटलं आनंदानं. तिनंही डोळे पुसले, त्यामुळे मला अजूनच रडू आलं.

दुपारी स्टोअरमध्ये बँडेज आणायला गेले. आत चष्मा खोकी मोजत बसलेला. त्याला कालपासून गाडीवरून काढलंय. खिडकीजवळच्या फाइलमध्ये त्याचा जबाब होता, मी वाचला. वाचायला नको होता. "निघण्यापूर्वी मी स्वतः तपासलं नाही. चूक माझी." बस. मी "आहे आहे, पळा" म्हणाले, त्याबद्दल एक अक्षर नाही. त्याला आठवत नसेल? हातमोजे मोजणाऱ्या माणसाला?

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "झाली सही?"

"झाली."

"मग ती खुंटीवरची आता आपलीच समजायची का?"

आज बीपी घेऊ दिलं नाही त्यांनी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

शिफ्टच्या आधी साहेबांच्या खोलीत गेले आणि चावी टेबलावर ठेवली. साखळी, खिसा, खूण, "पळा तुम्ही", सगळं. फोनवरचं "नाही" सुद्धा. साहेबांनी एवढंच विचारलं, "तीन दिवस?"

"तीन दिवस."

त्यांनी माझी फाइल उघडली, ताईच्या सहीचा कागद काढला आणि खणात ठेवून दिला.

ताई बाहेर उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "सही माझी होती, मावशी. आधी मला सांगायचं होतंत." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग कुठेतरी गेली आणि चहाचे दोन कप घेऊन आली. एक माझ्यासमोर ठेवला. दोघी शेजारी बसून प्यायलो. तो चहा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

नोकरी गेली नाही. देवा!

पण बारा आठवडे पुन्हा पहिल्यापासून. आणि ताईच्या हाताखाली नाही, दुसऱ्या कुणीतरी घ्यायचं. तोवर स्टोअरमध्ये, चष्म्याच्या जागी. तो गाडीवर परत. साहेबांनी सगळ्यांना ऐकवलं — यापुढे "आहे ना?" असं विचारायचं नाही आणि "आहे" म्हणायचं नाही. देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं, दोघांनी प्रत्येक वस्तूला हात लावायचा.

चष्मा दारात भेटला. मी हात जोडले. "माफ करा मला." त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला आणि गाडीकडे गेला. का बोलावं त्यानं?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तो माणूस मशीनवरून निघाला! वॉर्डात आहे. भेटायला गेले. साहेबांनी परवानगी दिली होती, पण एकटीनं जायचा धीर होत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "मी येते. मला काय, दवाखान्यात बसायला आवडतं." खोटारड्या! दवाखान्याच्या वासानं त्यांना मळमळतं.

पेशंटला सगळं सांगितलं, पलंगाशेजारी उभं राहून. त्यांच्या बायकोनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पिशवी आवरत राहिली, पुन्हा पुन्हा तीच पिशवी. त्या गृहस्थांनी मास्क बाजूला केला. "मला खुर्चीतून उतरवणारा तो चष्मेवाला… वाटेत सारखा म्हणत होता, मी आहे, मी सोडत नाही. त्याची पाठ बरी आहे का? माझं वजन पंच्याण्णव आहे हो." एवढं बोलून दमले. मी मास्क नीट लावून दिला. बायकोनं माझा हात झटकला नाही.

बाहेर आल्यावर सासूबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मळमळतच होतं त्यांना. मी नाडी धरली. बोलले नाही, आधी नाडीच धरली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

चौकोनी बँडेज चारशे दहा. हातमोजे साठ खोकी. दोनदा मोजले.

माणूस घरी गेला, काल. ताई रोज जाता-येता स्टोअरच्या खिडकीवर टकटक करते. घरी कुणी तोंड फिरवलं नाही. एवढं सगळं करून मला एवढं मिळतंय, हे खरं वाटत नाही कधीकधी.

पण मला कुणी घेत नाहीये. तीन जणांना साहेबांनी विचारलं, तिघंही नको म्हणाले. एक तर माझ्यासमोरच — "साहेब, मला रात्री झोप लागायला हवी." राग नाही आला. मीही तेच म्हणाले असते. महिनाअखेरपर्यंत कुणी घेतलं नाही तर मला सोडावं लागेल, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलंय. आठवडा आहे. कापडाच्या दुकानात जागा असेल का अजून? विचारायला हवं. पण विचारायचं नाहीये मला. मला गाडीवर जायचंय!

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ड्युटीचा तक्ता लागला. सोमवार, सकाळी सहा — माझं नाव. शेजारी चष्म्याचं.

वाटलं, ही साहेबांनी दोघांनाही दिलेली शिक्षा. आत जाऊन म्हणाले, त्यांना नका छळू, मी जाते सोडून. साहेब म्हणाले, "मी नाही टाकलं. तोच मागायला आला होता. म्हणाला, मावशींचं चावी विसरून झालंय, त्या पुन्हा नाही विसरणार. बाकीच्यांचं अजून व्हायचंय."