उतारावरचं गवत

सोमवार

साहेब आकाशातून काढलेल्या फोटोवर बोट ठेवून म्हणतात, "हा उतार तपकिरी दिसतोय. पडीक लिहून टाका."
"सर, गवत आहे. वाळलंय फक्त."
"गवत आहे, तर हिरवं का नाही?"
हा आमचा वनस्पती-नकाशा विभाग! नकाशात 'पडीक' पडलं, की तिथे ट्रकचा तळ होणार. गवत आहे, हे शुक्रवारपर्यंत सिद्ध करा म्हणे.

मंगळवार

उतारावर दोरीचा चौकोन टाकला. आतली गवतं तुऱ्यांवरून ओळखली. पाच जाती! मोज्यांत कुसळंच कुसळं. घरी मोठ्या ऐटीत सांगितलं.
सासूबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "पाचच?"
आधीचा नकाशा त्यांनीच केला होता. निवृत्त झाल्या, पण खोड जात नाही.

बुधवार

आज सासूबाईही आल्या. काठी टेकत पुढे त्या, धापा टाकत मागे मी.
"अगं, उभ्याने काय दिसणार? बस खाली!"
बसले. नऊ निघाल्या. दहावीवरून जुंपली – त्या म्हणतात ही वेगळी जात, मी म्हणते नववीच. परतताना अबोला.
नवरा हसला, "गवतावरून भांडताय?"
आम्ही दोघी एकदम, "तू गप्प बस!"
तिथेच अबोला सुटला.

गुरुवार

काही नाही. कुसळं काढली.

शुक्रवार

उतारावर साहेब स्वतः आले. सासूबाई आणि मी आधीच हजर. बूट चकाचक. "छान मोकळी जागा आहे की!"
तेवढ्यात टिटवी डोक्यावर किंचाळत घिरट्या घालायला लागली. साहेबांनी पाय उचलला.
"तसेच थांबा!" सासूबाई कडाडल्या.
बुटाखाली, वीतभर अंतरावर, चार ठिपकेदार अंडी. साहेब एका पायावर – बगळाच! मी हात धरून त्यांना मागे घेतलं. मग ते मुकाट्याने खाली बसले. बराच वेळ गवतात बघत राहिले.
"इथे तर सगळं भरलंय हो," हळूच म्हणाले.
नकाशावर लिहिलं – 'गवताळ रान'. ट्रकचा तळ आता दुसरीकडे. मी जीपमध्ये चक्क गाणं म्हटलं!

सोमवार

साहेबांचा घरी फोन. उरलेल्या टेकड्यांच्या पाहणीला अनुभवी प्रमुख हवाय. मी घसा खाकरून "हो सर" म्हणणार, तोच – "जरा तुमच्या सासूबाईंना देता?"
बोलून झाल्यावर सासूबाईंनी फोन ठेवला, चष्मा पुसला.
"उद्या सातला निघायचं. आणि ऑफिसात मला आई म्हणायचं नाही हं, मॅडम म्हणायचं!"