पवनचक्कीची सावली

साक्री, वैशाख २००५

तीर्थरूप आबा,

तुमच्या पायावर डोकं ठेवून शंभू लिहितो. मी बरा हाय, जेवण वेळेवर मिळतं. रुपालीताईनं हे सावकाश वाचून दाखवावं.

इथं माळावर पवनचक्क्या हायेत, त्यांची राखण मी करतो. पाती इतकी संथ फिरतात, की बघताना जागेपणीच डोळ्यांवर झोप उतरते. झाड एकबी न्हाई. दुपार कलली की कुणाची तरी मेंढरं खांबाच्या लांब सावलीत रांगेनं उभी राहतात. सावली सरकली की रांगबी सरकते. काल मी सवयीनं तुमच्यासारखी हाळी दिली, तर सगळी माना वळवून माझ्याकडं बघायला लागली.

साहेब म्हणतात, कोळशाच्या धुरानं ऊन वाढलं आन् पाऊस बिघडला. वाऱ्यावर वीज केली की तेवढा कोळसा जाळावा लागत न्हाई.

निमोण्यात विहिरीला पाणी हाय ना? आपली मेंढरं अजून उन्हात एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालतात का? तुम्ही डोक्याला काय बांधता?

आखाडात वाऱ्यानं ढग पळवले, की तुम्ही बांधावर उभं राहून त्याला शिव्या घालता. यंदा घालू नका, आबा. तिथून निघाला की तो माझ्याकडंच येतो, आन् मी त्याला कामाला लावतो.

तुमचं लेकरू,
शंभू