तळघरातली काचेची टाकी

वैशाख वद्य पंचमी, शके १८५५

आणि वर मलाच म्हणतात, तुला हौस नाही. मुंबईला कुणा शेटच्या बंगल्यात काचेच्या टाकीत मासे बघून आले, तेव्हापासून आमच्या ह्यांना तसलीच टाकी तळघरात हवी. आज खडूने जमिनीवर चौकोन आखला, सात हात लांब, तीन हात रुंद. त्यात माझी सगळी आगोटीची, पावसाळ्यापुरती बेगमी आली. आमसुलांच्या बरण्या, फणसाच्या आठळांचं मडकं, आणि वर दोरीला सुके बोंबील. म्हणजे मासे खाली पोहणार आणि मान वर केली की भाऊबंद टांगलेले दिसणार.

मी विचारलं, समुद्राचं पाणी कोण आणणार? म्हणाले, "गडी आणेल." आणि टाकी घासणार कोण? "तू आहेसच की."

तू आहेसच की. भाकऱ्या थापतानाही तेच डोक्यात.

आख्ख्या घरात तेवढीच जागा कोरडी. टाकी आली की ओल आली, बोंबलांना बुरशी आली. मग पावसात ताजी मासळी नसताना जेवायचं काय, टाकीतले शोभेचे?

काच मागवायचं पत्र लिहून तयार आहे. शनिवारच्या बोटीने गेलं नाही तर पुढे पावसाळाभर बोटी बंद, म्हणून ह्यांची घाई. चौकोन मी पुसला नाही, परत आखतील. त्यावर भाताची पोती ओढून ठेवली.

ही वही ह्यांच्या चष्म्याखाली उघडी ठेवतेय. बेगमी कुठे हलवायची आणि टाकी कोण घासणार, शुक्रवारी दिवेलागणीच्या आत सांगा. "तू आहेसच की" सोडून काहीही चालेल.