‘किंवा’च्या जागी ‘आणि’

६ जानेवारी, सोमवार
नवा स्टडी आला. निपाणी-बोरगाव भागातल्या बायकांची छाती तपासायची. प्रश्न टॅबवर विचारायचे आणि टॅबमधले फॉर्म मी तयार करायचे. ऋतिका मॅडम, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टर, म्हणाल्या की श्वासाचे प्रश्न सगळ्यांना नकोत. बाई तंबाखू खात असेल किंवा तंबाखूच्या वखारीत काम करत असेल, तरच ते पान उघडायचं. बाकीच्यांना थेट ‘धन्यवाद’. याला कंडिशनल फॉर्म म्हणतात. माझ्या डाव्या हातचा मळ.

असल्या स्टडीत काम करून खिशात पुडी ठेवणं शोभत नाही. आजपासून बंद. बायकोला, तेजस्वीला, सांगायची गरज नाही. मी केव्हाच सोडली, असं तिला वाटतं.

८ जानेवारी, बुधवार
फॉर्म तयार. टेस्टिंग स्वतःवरच केलं. तंबाखू खाता का? हो. (आज सकाळची शेवटची होती.) तंबाखूत काम करता का? स्टडी तंबाखूचाच, म्हणजे हो. श्वासाचं पान झकास उघडलं. पुन्हा केलं, पुन्हा उघडलं.

नियमाप्रमाणे ‘नाही’ टाकूनही बघावं लागतं. पण बोट तिकडे जाईना. खात असून नाही कसं म्हणू? डेटाच्या कामात प्रामाणिकपणा आधी. मॅडमना ‘टेस्टिंग कम्प्लीट’ असा मेल टाकला. संध्याकाळी जरा टोचलं. उद्या ‘नाही’चं बघून टाकीन.

१६ जानेवारी, गुरुवार
क्षमाचा फोन. निपाणी भागात घरोघरी टॅब घेऊन तीच फिरते. म्हणाली, बायका समोर बसून खोकतात, आणि हा टॅब लगेच धन्यवाद म्हणतो. मी म्हटलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल, सिंक करून बघ. ती म्हणाली केलं. मग अपडेट कर म्हटलं. तेही केलं म्हणाली. मग मला मीटिंग आहे असं सांगितलं.

मीटिंग नव्हती. वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्यात कोपऱ्यावरच्या पानटपरीवर गेलो. हे मोजायचं नाही, कारण टेन्शनमध्ये होतो. ‘नाही’चं टेस्टिंग सोमवारी नक्की.

२ फेब्रुवारी, रविवार
निपाणीत कॅम्प. बेळगावहून फुंकायचं मशीन नेलं, छातीचे डॉक्टर नेले. ज्यांचं श्वासाचं पान भरलंय त्यांनाच बोलवायचं होतं. दोन म्हाताऱ्या आल्या. तिसरी आली ती नातीला घेऊन, ती पोरगी मशीनमध्ये फुंकून खेळत बसली. डॉक्टरांनी दोनदा उप्पीट खाल्लं.

मॅडम म्हणाल्या, वखारीच्या गावात एवढ्याच कशा? मी म्हटलं, मॅडम, लोकांना आरोग्याची किंमत नाही. बोलताना मला ते अगदी पटलेलं होतं.

माझी थोरली बहीण जयाबाई, आमची आक्का, तिथून दोन गल्ल्यांवर राहते. वखारीत पाला निवडते. जाऊन यायचं होतं, पण गाडी थांबवा कसं म्हणायचं? रात्री फोन करणार होतो. आता झोपली असेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार
मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, खात नाही पण वखारीत काम करते, असं टाका. टाकलं. धन्यवाद. सर्व्हर स्लो आहे, म्हटलं. परत टाका म्हणाल्या. परत धन्यवाद.

‘किंवा’च्या जागी मी ‘आणि’ ठेवलेलं. म्हणजे तंबाखू खाणारी आणि वखारीत जाणारी, दोन्ही असेल तरच पान उघडायचं. मॅडमनी विचारलं, टेस्टिंग कुणावर केलं होतं? प्रातिनिधिक व्यक्तीवर, म्हटलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ज्यांना विचारलंच नाही, त्या सगळ्यांकडे तुम्ही स्वतः जायचं, महादेव,” एवढंच म्हणाल्या.

कंडिशन दुरुस्त केली आणि राहिलेल्यांची नावं काढली. त्यात आक्का आहे. क्षमा तिच्याकडे जाऊन आली, हे मला माहीतही नव्हतं. सिस्टीममध्ये स्पेलिंग चुकतं कधीकधी, म्हणून पत्ता बघितला. तिचाच.

९ फेब्रुवारी, रविवार
आक्काकडे गेलो. भाऊ म्हणून आलोय असं दाखवत आधी चहा घेतला, मग टॅब काढला. ती हसली. म्हणाली, त्या पोरीनं इचारलं की समदं, झालं म्हणाली. मी म्हटलं, थोडं राहिलंय.

तंबाखू खातेस का? न्हाय. वखारीत जातेस? ते काय इचारतोस. पान उघडलं.

दम लागतो का, विचारलं. माडी चढताना लागतोय म्हणाली. रात्री आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून बसते. किती दिवस? दोन पावसाळं झालं. एकेक उत्तर भरत गेलो. टॅबनं तपासणीला पाठवा म्हणून लाल खूण दाखवली. बुधवारी बेळगावला घेऊन जातो म्हटलं. हजेरी बुडंल की रं, म्हणाली. मग तयार झाली.

पुढचा प्रश्न वाचला. या त्रासाबद्दल जवळच्या कुणाला सांगितलं होतं का?

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

“दिवाळीला तुला सांगितलं हुतं न्हवं. थंडीचं असंल, वाफ घे म्हणालास.”

मला आठवलं नाही. मग आठवलं. मी मोबाईल बघत होतो.

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. “ऱ्हाऊ दे. न्हाय म्हणून लिव्ह. तुझ्या मॅडम वाचत्यात न्हवं ते.”

उत्तर देणारा जे सांगतो तेच भरायचं, आपलं काही घालायचं नाही, असा नियम आहे. मी ‘नाही’ टाकलं. त्याखाली ‘त्यांनी काय सल्ला दिला?’ असा प्रश्न आहे. तो उघडला नाही.

ती कंडिशन मी बरोबर लावली आहे.