उंबरठ्याबाहेरचं नाव

पिनांग, २८ जून १९३४

ती. वन्संना स्यू-गेकचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली सुकी मासळी पोचली. निम्मी मी खाल्ली, निम्मी धोबीघरातल्या मांजराने. गुडघ्यांना आल्याचा शेक देत जा आणि सूनबाईला छळू नका.

आपल्या दवाखान्याला यंदा पन्नास वर्षं होतात. अध्यक्ष चिया बून-हो त्याचा इतिहास छापतो आहे. जुन्या नोकरांपैकी एक म्हणून मला धोबीघरातून बोलावलं. जुन्यांकडून ऐकलेलं मी सांगितलं. घरमालक मरणाला टेकलेल्या हमालाला रस्त्यावर काढत, म्हणून मिरीच्या व्यापाऱ्यांनी इथे बारा चटया टाकल्या. मग काढ्याची चूल आली, मग औषधांची कपाटं. डॉक्टर फार उशिरा आला. हे उतरवून घेऊन त्याने स्वतःची प्रस्तावना वाचून दाखवली. तीत आहे की या उंबरठ्यावरून आजवर एकही आजारी माणूस परत गेलेला नाही. त्याखाली साक्ष म्हणून माझा अंगठा हवा होता. मी म्हटलं, मी अडाणी बाई, पुन्हा एकदा वाचून दाखवा. त्याने पुन्हा वाचली. आवाज जराही हलला नाही.

वन्सं, तुमच्या भावाचं मी एवढंच कळवलं होतं की ताप डोक्यात गेला. तेव्हा पत्रं बाजारातल्या लेखनिकाकडून लिहून घ्यावी लागत, आणि परक्याच्या हातून मला ते लिहववलं नाही. आता हात माझा आहे, म्हणून ऐका. पंचवीस वर्षांपूर्वी भर दुपारी मी तेक-सेंगला हातगाडीवर घालून इथे आणलं. दारावर कारकून होता तो हाच बून-हो. त्याने चिठ्ठी मागितली. आपण होक्कियन बोलीचे चिनी, पण आमचा मुकादम हक्का बोलीचा, म्हणून चिठ्ठीवर शिक्का हक्कांच्या मंडळाचा. बून-हो म्हणाला की होक्कियन माणसाला होक्कियन मंडळाचाच शिक्का लागतो, ही काय धर्मशाळा आहे? मी धावत जाऊन शिक्का आणला. तोवर तेक-सेंग पायरीवरच गेला होता. उंबरठ्यापासून तीन विती बाहेर.

इथे मेलेल्या निपुत्रिकांच्या नावांची पाटी आतल्या दालनात आहे. सातव्या महिन्यात ती नावं पुकारून त्यांना जेवू घालतात. तेक-सेंगचं नाव तिच्यावर नाही, कारण तो आत मेला नाही. आज मी घरी त्याला भात वाढते. मी गेल्यावर कोण वाढणार? तीनदा जाऊन विचारलं. तिसऱ्यांदा बून-हो हसून म्हणाला की मावशी, मग पायरीवर मेलेली कुत्रीही पाटीवर घालू का?

मी इथेच नोकरीला का राहिले, हे तुम्ही नेहमी विचारता. ते दार डोळ्यांसमोर असावं म्हणून. मला वाचता येतं हे त्याला ठाऊक नाही. काढेवाल्या ल्याऊ आजोबांच्या कपाटांवर लिहिलेल्या औषधांच्या नावांवरून मी शिकले. पहिला शब्द ज्येष्ठमध.

कळावे. माया असू द्यावी.
तुमची स्यू-गेक

तैपिंग, ९ जुलै १९३४

चि. स्यू-गेक हिस अ. उ. आ.

सूनबाई पत्र वाचत होती, ती मध्येच थांबली. मी म्हटलं, वाच पुढे, भाऊ माझा आहे. पंचवीस वर्षं हे एकटीने गिळलंस, वेडी कुठली! तुझ्याकडे कपड्यांच्या खळीचं उकळतं पातेलं रोज असतं आणि तो माणूस रोज तिथून जातो, याचा विचार तू कधी केला नाहीस का? सूनबाई म्हणते हे लिहायला नको. मी म्हटलं, लिही.

पण खरं काम वेगळं आहे. माझ्या भावाला जेवण मिळालं पाहिजे. आमच्या देवळात मागच्या साली नावं पुकारणाऱ्याला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी गडी थांबला नाही. बोलावलेले मृतात्मे दारात उभे असताना जो पुकारणारा थांबतो, त्याच्याच घरी ते जेवायला जातात, हे तुला मी सांगायला नको. आणि एकदा पुकारलेलं नाव पुढे कुणी गाळत नाही. तेव्हा कुणाच्याही तोंडून, एकदाच, पण भरल्या सभेत माझ्या भावाचं नाव निघू दे. त्या खोट्या कागदावर मात्र अंगठा देऊ नकोस.

मांजराला आशीर्वाद नाही. तुला पुष्कळ.
तुझी वन्सं, किम-हुआ

पिनांग, २७ ऑगस्ट १९३४

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

रागावू नका, अंगठा मी दिला. त्याला बेसावध ठेवायचा होता. तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं.

नावं अध्यक्षाने पुकारायची असतात. यादीची नक्कल ल्याऊ आजोबा करतात. त्यांना मोतीबिंदू झाल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ती गुपचूप मीच करते. यंदा मधे एक ओळ जास्त घातली आणि त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले की मोतीबिंदूवाल्याला काय दिसणार, पोरी.

परवा दालन भरलं होतं. मी टॉवेल घेऊन मागे उभी. बून-हो नाव, गाव, मरणाचं कारण असं झरझर वाचत होता. बेचाळिसावी ओळ आली: ओंग तेक-सेंग, तोंग-आनचा, हमाल, दारावरच्या चिया बून-हो कारकुनाने आत घेतलं नाही म्हणून पायरीवर मेला. हमालापर्यंत वाचून तो थांबला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. पुढच्या खुर्चीत त्याची म्हातारी आई होती. तीच काठी आपटून ओरडली की वाच रे मेल्या, ते सगळे आपल्या घरात शिरतील!

त्याने वाचलं, वन्सं. स्वतःचं नाव, स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर. या वेळी आवाज हलला. आणि त्यानंतरची अडुसष्ट नावंही त्यालाच पुकारावी लागली.

तेक-सेंगचा भात पायरीवर ठेवला. मी तिथेच बसले होते. पुकारलं तसंच कोरायचं, अशी रीत आहे. त्यामुळे अख्खी ओळ पाटीवर जाते आहे.

काल तो धोबीघरात आला. यादी पुढे धरून विचारू लागला की हे कुणी लिहिलं. मी म्हटलं, मी अडाणी बाई, पुन्हा एकदा वाचून दाखवा. तो गेला.

इथलं अध्यक्षपद मरेपर्यंत असतं. बून-हो पन्नाशीचा आहे. दर सातव्या महिन्यात ती ओळ त्यालाच पुकारायची आहे. म्हणून आजपासून रोज सकाळी मी त्याच्या दीर्घायुष्यासाठी उदबत्ती लावते. तुम्हीही लावा.

तुमचा माझ्यावर जेवढा लोभ आहे, तेवढाच देवाचा त्याच्या आयुष्यावर असो.
तुमची स्यू-गेक