सेव्हजमध्ये पहिला

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
अर्धा सिझन संपला. कॉलेज फुटबॉल लीगचे आकडे आले. आठ टीम, आपली आठवी. ते सोडून द्यावं. खरी गोष्ट खालच्या तक्त्यात आहे. सेव्हज, म्हणजे गोलकीपरनं अडवलेले बॉल. त्यात माझा सलील पहिला. अख्ख्या लीगमध्ये! प्रिंट काढली, लॅमिनेट केली, फ्रिजवर लावली.
सलील म्हणतो, आई, आमच्यावर इतके शॉट्स येतात म्हणून सेव्हज होतात. गोल खाण्यातही मीच टॉपला आहे.
तो तक्ता मी प्रिंट केलेला नाही.

१६ नोव्हेंबर
म्हणे सिझन संपला की ग्लोव्हज ठेवून देणार. हरून हरून कंटाळला. अजिबात चालणार नाही. त्याला गोलमध्ये उभं केलं ते त्याच्या बाबांनी. हे सित्र्याला कामाला, तिथून सुटले की कंपनीच्या बसनं यायचे ते घरी न येता थेट ग्राउंडवर. हे गेले म्हणून पोरानं गोल सोडायचा का? पहिला नंबर असताना कोण सोडतं? तेव्हा नंबर टिकवायचा. ठरलं.
(मी मॅचला जात नाही ती धुळीमुळे. दुसरं काही नाही.)

१९ नोव्हेंबर
समोरच्या फ्लॅटमधली नसीबा सुरमई तळून घेऊन आली. तिचा यासीन सलीलच्याच टीममध्ये. पाय बरा झाला, शुक्रवारपासून डिफेन्सला खेळणार. म्हणाली, वहिनी, आता बघा, सलीलपर्यंत बॉल पोचायचाच नाही, इंशाल्ला.
सुरमई तशीच झाकून ठेवली.

२० नोव्हेंबर
हे असताना पेपरचं शेवटचं, खेळाचं पान मी कधी उघडलं नाही. आता डिक्शनरी घेऊन तेच आधी वाचते. त्यामुळे मला कळतं : शॉट नाही तर सेव्ह नाही. कोचला मेसेज केला, यासीनला फॉरवर्डला घ्या. उत्तरात नुसता अंगठा आला. म्हणजे मान्य.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
मान्य नव्हतं. यासीन डिफेन्सलाच.
हो, गेले होते. आज धूळ नव्हती. एका बाजूला नसीबा, दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर मी पर्स ठेवून जागा धरली. सवय.
सलील बिचारा गोलमध्ये नुसता उभा. बॉल आला की यासीन वाटेतच उडवून लावतो. किती सहन करायचं? शेवटी उठले आणि ओरडले, यासीन, सोड रे तो बॉल! येऊ दे की त्याच्याकडे!
समोरच्या टीमवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. नसीबानं ओढणी धरून मला खाली बसवलं. म्हणाली, वहिनी, खलास, पुरे आता! आपण कुठल्या टीमच्या?
एक-शून्यनं जिंकलो. सिझनमध्ये पहिल्यांदा.

२२ नोव्हेंबर
नवे आकडे. टीम सातवी. सलील सेव्हजमध्ये तिसरा. एका जिंकण्यापायी!
फ्रिजवरचा कागद काढणार नाही. लॅमिनेशन अजून चांगलं आहे.
आणि हा? सकाळपासून शीळ घालत ग्लोव्हज धुतोय. सोडणार नाही म्हणाला. यासीन डिफेन्सला असेल तर पुढच्या वर्षीही गोलमध्ये मीच. आई, तू पण ये, पण प्लीज, ओरडू नकोस.
मी सुनावलं, तुझे बाबा दर मॅचला ओरडायचे, तेव्हा कुणाला त्रास झाला नाही.
म्हणाला, हो, पण बाबा आपल्या बाजूनं ओरडायचे.